जिराफ कुणीकडे कलला?

लेन्स करकरत होती.

फोकसची रिंग अर्धी फिरली की कर्र. मागे फिरवली की पुन्हा कर्र, दाताखाली वाळू आल्यासारखं. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मुलीने लेन्स उघडली, टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर ती हलकेच आपटली. पांढरे कण पडले. त्यातला सगळ्यात मोठा टाचणीच्या डोक्याएवढा. त्याची एक बाजू फिकट निळी होती आणि निळ्यावर तपकिरी ठिपका.

स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने तिने रिंगची खाच पुसली. कापूस निळा झाला.

तिने कण आणि कापूस एका पुडीत बांधले आणि पुडीवर तारीख टाकली. लेन्समधून निघालेला कचरा ती फेकत नसे. खणात साडेतीनशे पुड्या होत्या. ही गोष्ट तिने एकदाच एका गिऱ्हाइकाला सांगितली होती. ते परत आलं नाही.

तिला सगळे स्क्रू म्हणत. हे नाव मामाने ठेवलेलं. चार वर्षांची असताना तिने घरातल्या एकुलत्या एका खुर्चीचे सगळे स्क्रू काढून डबीत नीट ठेवले होते. मग मामा खुर्चीवर बसला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"स्क्रू, कामात आहेस का?" मामा.

मामा असं विचारायचा तेव्हा काहीतरी जळत असायचं. मागच्या वेळी खरोखरच पडदा जळत होता.

"काय झालं?"

"विशेष काही नाही. चार वाजता मला चोर ठरवणार आहेत. आलीस तर बरं. काम असेल तर राहू दे."

तिने दुकानाचं दार ओढलं, कुलूप लावलं, चार पावलं गेली, परत आली, कुलूप ओढून पाहिलं, पुडी खिशात घातली आणि धावत सुटली.

*

मामा प्राणी-पक्ष्यांच्या संग्रहालयात पहारेकरी होता. एकतीस वर्षं. आई गेल्यावर स्क्रूला त्यानेच वाढवलं, संग्रहालयाच्या मागच्या दोन खोल्यांत. तीन महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. आता तो आज चारलाच होणार, असं दिसत होतं, आणि तेही चोर म्हणून.

मोठ्या दालनात डावीकडे काचेचं कपाट होतं. त्यात एका नामशेष झालेल्या पक्ष्याचं शेवटचं अंडं असायचं. मध्ये पेंढा भरलेला जिराफ, लाकडी चौथऱ्यावर. उजवीकडे उंच खिडक्या. भिंतीवरचं घड्याळ कितीतरी वर्षं सव्वासहा दाखवत होतं आणि रोज दोनदा त्याबद्दल कौतुकही मिळवत होतं.

कपाट रिकामं होतं. कुलूप शाबूत.

मामा नेहमीच्या जागी, जिराफाच्या चौथऱ्याला टेकवलेल्या स्टुलावर बसला होता. टोपी मांडीवर.

"पहिल्यापासून सांग," स्क्रू म्हणाली. ती येरझाऱ्या घालत होती.

"आधी बस."

"बसवत नाहीये. सांग."

"शनिवारी दालन बंद होतं. संग्रहालयाची फिल्म बनतेय ना, तिचं शूटिंग. सकाळी मी कपाट पुसलं. अंडं काढलं, टोपीत ठेवलं, काचा पुसल्या, टोपीतून उचलून जागेवर ठेवलं, कुलूप लावलं. एकतीस वर्षं दर शनिवारी हेच. रविवारी सकाळी दालन उघडलं तर कपाटात नुसती गादी."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक संचालकांकडे."

"म्हणजे दोघांपैकी एक."

"मी नाही," मामा म्हणाला. "मोजणी सोपी व्हावी म्हणून सांगतोय."

"मग तुझ्यावर आळ कशावरून?"

"मी अंडं काढून टोपीत घालतोय, असा व्हिडिओ आहे."

"मग सांग ना त्यांना, की परत ठेवलं म्हणून!"

"सांगितलं. ते म्हणाले, तेवढं दाखवा."

*

संचालकांच्या खोलीत संचालकांचे अकरा फोटो होते. टेबलावर फोटोफ्रेमएवढा एक स्क्रीनही होता. त्यात एक ओला मुलगा तलावातल्या पाण्यातून पाय वर करून उडत काठावर येऊन उभा राहत होता आणि उभा राहिला की कोरडा होत होता. पुन्हा पुन्हा.

"आमचा नातू," संचालक म्हणाले. "हुशार आहे."

"दिसतंच आहे," स्क्रू म्हणाली. "मला तो व्हिडिओ बघायचाय."

"आपण कोण?"

"भाची."

"भाचीने बघून काय होणार?"

"मामाची शेवटची फिल्म आहे म्हणते मी. बघू तरी द्या."

संचालकांनी भिंतीवरचा टीव्ही लावला. आठ सेकंदांचा तुकडा. आवाज नव्हता. ("संगीत घालायचंय वरून," संचालक म्हणाले.) पहिल्यांदा खिडक्या. मग कॅमेरा झटक्यात डावीकडे वळला, मधला जिराफ उजवीकडे कलून, तोल गेल्यासारखा, सर्रकन निघून गेला आणि कपाटापाशी उभा मामा दिसला. उघडं दार. मामाचा हात आत, हातात अंडं, अंडं बाहेर, अंडं टोपीत. संपलं.

"स्वच्छ आहे की नाही?" संचालक म्हणाले.

"पुन्हा लावा."

दुसऱ्या वेळी संचालकांनी उठून रुमालाने टीव्हीचा डावा वरचा कोपरा पुसला. तिथे एक बारीक काळा ठिपका होता. निघाला नाही.

"माशी बसली असेल भिंतीवर," ते म्हणाले.

"माशी कॅमेऱ्याबरोबर वळत नाही," स्क्रू म्हणाली. "पुन्हा लावा."

मागे दारात उभा असलेला मामा एकदम पुढे सरकला. "पंखा बघ! पंखा उलटा फिरतोय!"

"व्हिडिओत पंखे मनाला येईल तसे फिरतात, मामा. त्यांची साक्ष धरत नाहीत. सर, हा तुकडा असा नेमका कुणी कापला?"

"मला त्या तांत्रिक भानगडीतलं काही कळत नाही. मी फक्त सापडलेलं दाखवलं."

टेबलावरचा नातू पुन्हा एकदा पाण्यातून उडाला आणि कोरडा झाला.

स्क्रू बाहेर पडली. अडीच वाजले होते. काहीतरी डोळ्यात खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. ती दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. परत आली. पुन्हा गेली. जिराफाजवळ प्रत्येक वेळी थांबली आणि त्याच्याकडे बघितलं. जिराफ सरळ उभा होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

*

फिल्मचं शूटिंग करणारा व्हिडिओवाला संग्रहालयाच्या मागच्या पायरीवर बसला होता. स्क्रूला बघून तो उठला.

"ताई! माझी लेन्स झाली?"

सकाळी करकरणारी लेन्स देऊन गेलेलं गिऱ्हाईक. स्क्रूने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"झाली. चुना होता, म्हणालात ना?"

"छताचा पडला असेल, असं वाटलं. तुम्ही इथे कशा?"

"पहारेकरी माझे मामा."

"अरे बाप रे," तो म्हणाला आणि परत बसला.

"शनिवारी कॅमेरा तुमच्या हातातून कधी सुटला का?"

"डबा खायला गेलो तेव्हा. अर्धा तास. तुमच्या मामांनाही संचालकांनी पाठवलं जेवायला. म्हणाले, सामान राहू दे, दालनावर मी लक्ष ठेवतो."

"परत आलात तेव्हा?"

"सामान बाहेर आणून ठेवलेलं. संचालक म्हणाले, शूटिंग संपलं, दालनाला कुलूप लावलंय. फक्त..." तो डोकं खाजवत राहिला. "मी कॅमेऱ्यावर लांबची लेन्स लावून गेलो होतो. आलो तर जवळचं टिपायची लेन्स लावलेली. म्हटलं, भुकेत विसरलो असेन."

"करकरते ती हीच?"

"हीच. तेव्हापासूनच."

"मामाला टिपलंत तेव्हा ते अंडं काढत होते की ठेवत होते?"

"ताई, सत्तर तुकडे घेतले मी. बावन्न तर संचालकांचेच आहेत. संचालक चालताना, संचालक विचार करताना, संचालक घुबडाकडे बघताना, घुबड संचालकांकडे बघताना. मामांचे दोन-तीन, दहाच्या सुमाराचे. कसं लक्षात राहणार?"

"बाकीचे तुकडे कुठे आहेत?"

"कार्ड शनिवारी संध्याकाळी संचालकांनी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी रिकामं करून परत दिलं. आजच्या बैठकीतला तुकडा मी बघितलेलासुद्धा नाही."

"कॅमेरा आहे?"

त्याने पिशवी उघडली. स्क्रूने लेन्स काढून आतल्या सेन्सरवर टॉर्च मारला आणि नाक मुरडलं.

"सेन्सरवर कण चिकटलाय. चित्रात कुठे येतो?"

"डाव्या वरच्या कोपऱ्यात. दोन महिने झाले. मी माशी म्हणून चालवून नेतो."

"सगळेच चालवून नेतात," स्क्रू म्हणाली. मग ती एकदम स्तब्ध झाली. दुपारपासून पहिल्यांदाच.

"ताई? बरं वाटतंय ना?"

"कॅमेरा टीव्हीला जोडायची वायर आहे?"

"आहे."

"चला. आणि चालता चालता माझ्याशी बोलू नका, माझं जिराफाबद्दल चाललंय."

*

चार वाजता अध्यक्षबाई आल्या. संग्रहालयाच्या विश्वस्तांच्या त्या प्रमुख. वय सत्तरीचं, हातात काठी, चेहऱ्यावर कुणाचंही न ऐकण्याची तयारी. बैठक दालनातच होती. टीव्ही तिथे आणला होता. तुकडा सगळ्यांनी बघितला. मामाने खाली बघितलं.

"यात बोलायचं काय उरलं?" संचालक म्हणाले. "माणूस तीस वर्षं नोकरीत आहे म्हणून पोलिसात देऊ नये, एवढंच मी सुचवेन. शांतपणे काढून टाकू."

"एकतीस," मामा म्हणाला.

"बाई," स्क्रू पुढे झाली, "हा व्हिडिओ खरा आहे. पण तो मागून पुढे चालतोय."

"म्हणजे?"

"शेवट आधी आणि सुरुवात नंतर. मामा अंडं काढत नाहीत, ठेवतायत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"जिराफाने."

अध्यक्षबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. हे लक्षण चांगलं की वाईट ते कुणालाच माहीत नव्हतं.

"एक मिनिट द्या," स्क्रू घाईने म्हणाली. "हा कॅमेरा सगळं चित्र एकाच वेळी टिपत नाही. वरची ओळ आधी, मग तिच्या खालची, असं करत तळापर्यंत येतो. फार पटकन, पण एकदम नाही. वर्गाची हजेरी पहिल्या बाकापासून घेत जावी आणि तेवढ्यात सगळी बाकं बाजूला सरकावीत, तसं. कॅमेरा झटक्यात वळला तर जिराफाचं डोकं टिपलं जातं एका जागी आणि पाय टिपेपर्यंत जिराफ पुढे गेलेला असतो."

"जिराफ मेलेला आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चित्रात पुढे गेलेला असतो. म्हणून तो तिरका दिसतो. दादा, कॅमेरा उजवीकडे फिरवा."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा कपाटाकडून खिडक्यांकडे झर्रकन वळवला. टीव्हीवर जिराफाचं डोकं उजवीकडे कललं.

"आता डावीकडे."

जिराफ डावीकडे कलला.

"पुन्हा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

कॅमेरा उजवीकडे, जिराफ उजवीकडे. कॅमेरा डावीकडे, जिराफ डावीकडे. सातआठ वेळा झालं. बाईंना ते आवडलं होतं, हे त्या लपवत होत्या.

"कॅमेरा ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूला डोकं कलतं. आता पुरावा लावा."

तुकडा सुरू झाला. खिडक्या. कॅमेरा डावीकडे वळला. जिराफ उजवीकडे कलला.

अध्यक्षबाई टीव्हीच्या जवळ सरकल्या.

"म्हणजे टिपताना कॅमेरा उजवीकडे वळत होता," स्क्रू म्हणाली. "कपाटाकडून खिडक्यांकडे. मामांनी टोपीतलं अंडं कपाटात ठेवलं आणि मग कॅमेरा वळला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून उलटा चालवला. माणूस जागेवर उभा असेल तर ठेवणं आणि काढणं उलटसुलट सारखंच दिसतं. पण जिराफाला उलटं कलता येत नाही."

"ताई," व्हिडिओवाला ओशाळून म्हणाला, "चूक काढत नाहीये, पण कॅमेरा उलटा टांगून टिपलं आणि नंतर चित्र सुलटं केलं, तरीही असंच कलेल. ओळी खालून वर वाचल्या जातील."

"बघा!" संचालक म्हणाले.

"बरोबर," स्क्रू म्हणाली. "म्हणूनच आपली माशी. कॅमेऱ्याच्या आत चिकटलेला कण. नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यात येतो, आत्ताही आहे. कॅमेरा उलटा टांगून चित्र फिरवलं असतं, तर तो उजवीकडे खाली गेला असता. पुराव्यात कुठे आहे?"

सगळ्यांनी डाव्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलं. अर्ध्या तासापूर्वी संचालकांनी तो पुन्हा एकदा पुसला होता. कोपरा चकाकत होता. ठिपका तिथेच होता.

"मग उलटा केला कुणी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कार्ड शनिवारी संध्याकाळपासून एकाच माणसाकडे होतं. कपाटाची दुसरी किल्ली त्याच माणसाकडे. दुपारी दोघांना जेवायला पाठवून दालनात एकटाही तोच होता. त्याला म्हणे तांत्रिक भानगडीतलं काही कळत नाही. पण त्याचा नातू पाण्यातून उडी मारून काठावर येतो आणि कोरडा होतो."

संचालकांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"ते मी फोनवर... ते कुणीही करतं!"

"करतं ना. म्हणूनच तुम्हालाही जमलं. सर, सत्तरातले बावन्न तुकडे तुमचे होते. अंडं हातात घेतलेला तेवढा राहिला होता. तुम्ही कपाट उघडलंत, अंडं चौथऱ्यावर ठेवलंत आणि जवळचं टिपायची लेन्स स्वतः बदलायला घेतलीत. ती हातातून निसटली. कशावर पडली?"

"काहीतरी बोलू नका."

स्क्रूने पुडी उघडून अध्यक्षबाईंपुढे धरली. "आज सकाळी त्या लेन्सच्या रिंगमधून हे निघालं. या व्हिडिओवाल्यांनीच लेन्स आणून दिली, चुना म्हणून. अंडं यांनी फोडलं असतं, तर त्याचे तुकडे दुरुस्तीला दिले नसते."

पांढरे कण. एकाची निळी बाजू, तिच्यावर तपकिरी ठिपका, कपाटातल्या अंड्यावर असायचा तसाच.

संचालक जिराफाच्या चौथऱ्याच्या कडेवर बसले. "एकच शॉट," ते म्हणाले. "फक्त चार सेकंदांचा. अंडं आणि मी." थोडं थांबून म्हणाले, "पृथ्वीवरचं शेवटचं होतं हो ते. मी काय सांगणार होतो लोकांना? लेन्स पडली म्हणून? यांचे तर तीनच महिने राहिले होते."

मामाने पहिल्यांदा मान वर केली. "माझे तीनच महिने राहिले होते," तो म्हणाला. बस, एवढंच.

अध्यक्षबाईंनी काठी संचालकांकडे रोखली. "किल्ली."

त्यांनी किल्ली दिली.

*

स्क्रूचे पाय अजून थांबायला तयार नव्हते.

"मामा, एक गोष्ट बसत नाहीये. मी रिंग स्पिरिटने पुसली तर निळा रंग कापसाला लागला. पक्ष्याच्या अंड्याचा रंग असा सुटत नाही."

मामाने टोपीवरची धूळ झटकली.

"आणि तू अंड्याचा पहारेकरी. मग एकतीस वर्षं जिराफाला टेकून का बसतोस?"

"हे मीही लेखी विचारलं होतं," चौथऱ्यावरून संचालक पुटपुटले.

मामाने टोपी डोक्यावर घातली आणि संचालकांना अदबीने म्हणाला, "साहेब, जरा उठता का? दाराला तुमचे पाय लागतायत."

त्याने स्टूल बाजूला केलं. त्याच्यामागे चौथऱ्याला वीतभर रुंदीचं एक दार होतं. आतून एक पत्र्याचा डबा निघाला. डब्यात कापूस, कापसात एक चिठ्ठी आणि एक अंडं. लहान, मळकट, चहाचा कप पुसलेल्या फडक्याच्या रंगाचं.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी वाचली. दोन संचालकांपूर्वीच्या संचालकांचं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. खरं अंडं इथे राहील, कपाटात प्लॅस्टरचं, माहिती फक्त पहारेकऱ्याला. खाली सही.

"आणि तू हे तीन दिवस बोलला नाहीस?" स्क्रू ओरडली. "मी इथे चालून चालून अर्धी झाले!"

"काय बोलणार? कपाटातलं खोटं होतं म्हटलं असतं, तर म्हणाले असते, बघा, खरं यानेच नेलं. आधी मी चोर नाही हे ठरायला हवं होतं ना?"

हिशेब बरोबर होता.

"मग त्या प्लॅस्टरच्या गोळ्याला दर शनिवारी टोपीत कशाला ठेवायचास?"

"खोटं आहे म्हणून काय आपटायचं? लांबून लांबून लोक त्यालाच बघायला यायचे."

अध्यक्षबाई चष्मा पुसून अंड्याकडे बघत होत्या. "हे?" त्या म्हणाल्या. "एवढंसं?"

"हो," मामा म्हणाला. "म्हणूनच तर दुसरं बनवलं होतं."

बाईंनी बराच विचार केला. "ठेवा कपाटात," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं अंडंच ठेवा. तीन महिने तुम्हीच बघा, मग कसं बघायचं ते नव्या माणसाला शिकवायला थांबा. खोल्या राहू देत तुमच्याकडे."

मामाने अंडं टोपीत घेतलं, कपाटापर्यंत गेला आणि ते गादीवर ठेवलं. व्हिडिओवाल्याने न सांगता कॅमेरा सुरू केला होता. या वेळी त्याने तो हलवला नाही.

मग मामाने स्टूल उचललं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच ते जिराफापासून सुटलं. कपाटाशेजारी त्याने ते मांडलं, बसायला वाकला, थांबला, स्क्रूकडे बघितलं.

आणि स्टूल उलटं करून आधी स्क्रू मोजले.